संवेदक-वाचन, संगणकाच्या खिडकीतील
तापमान, आर्द्रता यांसारख्या राशींचे संवेदकाने टिपलेले मूल्य संगणकाच्या पडद्यावरील साध्या खिडकीत सतत ताजे दाखवण्याची पद्धत. वाशीम जिल्ह्यात अशा मोजणीचे मोठे रूप म्हणजे ‘महावेध’ प्रकल्पाची महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे. ती तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस नोंदवतात. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा सोयाबीनच्या गोदामात मात्र एक आर्डुइनो (सूक्ष्मनियंत्रक फलक), एक संवेदक आणि यूएसबी केबल पुरते.

एलएम३५ हा संवेदक दर अंश सेल्सिअसला 10 मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनो उनो 5 व्होल्टचे 1024 भाग करते. म्हणून 65 हा आकडा आला, तर तापमान सुमारे 31.7 अंश. एका आकड्याचा फरक जवळजवळ अर्ध्या अंशाचा असल्याने खिडकीत दशांशचिन्हानंतर दोन स्थळे छापणे ही वाचणाऱ्याची दिशाभूलच होय.

पायथॉन या संगणक-भाषेत खिडकीसाठी टीकेइंटर हे साधन वापरतात. वाचनाचे अखंड चक्र खिडकीच्याच मुख्य धाग्यात (थ्रेडमध्ये) घातले, तर खिडकी गोठते, बटणेही दबत नाहीत. त्यामुळे वाचन वेगळ्या धाग्यात करून मूल्य रांगेत ठेवतात आणि ‘आफ्टर’ या आज्ञेने ठरावीक वेळाने ते लेबलवर चढवतात. केबल निघाली तरी जुना आकडा तसाच दिसत राहतो. म्हणून शेवटच्या वाचनाची वेळ शेजारी दाखवणे अत्यावश्यक.