तापमान-प्रवणता आणि कोलकात्याची काच

धातूच्या त्रिमितीय मुद्रणाचा अभ्यास करताना ‘तीव्र तापमान-प्रवणता’ हा शब्दप्रयोग तुम्हाला वारंवार भेटेल. थोड्याशा अंतरात तापमान खूप बदलत असेल, तर प्रवणता तीव्र आहे असे म्हणतात. तिच्यामुळे पदार्थ बिघडतो आणि नवा पदार्थ घडतोही. या दोन्ही बाजूंचा इतिहास कोलकात्यातील एकाच संस्थेत पाहायला मिळतो. मात्र तो धातूचा नाही, काचेचा आहे.

जादवपूर येथील केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था १९५० मध्ये रीतसर सुरू झाली. डॉ. आत्माराम संचालक असताना तिथे प्रकाशीय काच तयार करण्याचे तंत्र विकसित झाले. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक यांना लागणारी ही काच बनवण्याची विद्या तेव्हा मोजक्याच देशांकडे होती, आणि ते ती सहज देत नसत. या काचेत प्रवणता म्हणजे शत्रूच. ठोकळ्याची बाहेरची बाजू आधी थंड झाली आणि गाभा मागे राहिला, की आत ताण साठतो, अपवर्तनांक जागोजागी बदलतो. म्हणून ठोकळा अतिशय सावकाश थंड करावा लागतो. यालाच अनुशीतन म्हणतात.

पुढे याच संस्थेत प्रकाशीय तंतूंवर काम झाले, आणि तिथे प्रवणतेची भूमिका उलटली. तंतूचा गाभा घडवण्याची एक पद्धत १९७०च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित झाली. सिलिकाची नळी स्वतःभोवती फिरत असते, बाहेरून ज्योत पुढे सरकते, आतून सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ आणि ऑक्सिजन वाहतात. ज्योतीपाशी सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात. ते भिंतीला का चिकटतात, हे नीट समजून घ्या, कारण परीक्षेत इथेच गोंधळ होतो. कणाच्या उष्ण बाजूचे वायुरेणू त्याला अधिक जोराने ढकलतात. म्हणून तो थंड बाजूकडे, म्हणजे ज्योतीच्या पुढच्या भिंतीकडे सरकतो. मागून ज्योत आली की थर वितळून पारदर्शक काच होते. मग दुसरा थर. थरावर थर देऊन वस्तू घडवणे ते हेच!

थर सच्छिद्र असतानाच तो अर्बियम किंवा इटर्बियमच्या क्षारांच्या द्रावणात भिजवला, तर ती मूलद्रव्ये काचेत बसतात. शुद्ध सिलिकात ती गोळा होऊन राहतात, म्हणून सोबत अॅल्युमिनियम घालतात. अशा काचेच्या तंतूतून प्रकाशवर्धक आणि लेसर तयार होतात. इटर्बियमयुक्त तंतूंचे लेसरच आज धातूच्या अनेक मुद्रणयंत्रांत भुकटी वितळवतात.

तिथे वितळलेला ठिपका सेकंदाला लाखो अंश या वेगाने थंड होतो. इतक्या घाईत अणूंना नेहमीच्या रचनेत बसायला वेळ मिळत नाही. १९६० मध्ये कॅलिफोर्नियात पोल ड्यूवेझ यांच्या गटाने सोने-सिलिकॉनचा रस असाच झटक्यात गोठवून धातूची काच मिळवली होती. मुद्रणातही अतिसूक्ष्म कणरचना मिळते, पण जादवपूरच्या ठोकळ्यातला ताण इथेही साठतो आणि भाग वाकतो किंवा तडकतो. म्हणून अनेकदा छापलेला भाग तळपट्टीवरून कापण्याआधी पट्टीसकट भट्टीत ठेवतात.