प्लॅस्टर, उंबरठा आणि थरथरणारं पातं

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर आत्याचा पाय, आणि त्या पायापायी एक उंबरठा. या दोघांच्या मधे एक यंत्र आलं. ते स्वस्तातलं घ्यायचं की महागातलं, यावर घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझं लग्न ठरवतानाही झाली नव्हती! घरच्या मंडळींना यातली अर्धी गोष्ट ठाऊक आहे. उरलेली अर्धी आज सांगतो.

आमचं मूळ घर मुरबाड तालुक्यात, सरळगावपासून थोडं आत. आत्या दिली होती शेजारच्या शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. काका गेल्यावर ती माहेरच्या घरी येऊन राहिली. आता वय शहात्तर. मागच्या पावसाळ्यात माजघराच्या उंबरठ्याला ठेच लागून पडली आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

प्लॅस्टर काढायला तिला शहापूरला नेलं तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी एक छोटी करवत हातात घेतली आणि बटण दाबलं. घुर्रर्र आवाज ऐकून आत्याने पाय आखडून घेतला. "अरे, हा पाय कापतोय माझा!" डॉक्टर हसले. चालू करवत त्यांनी स्वतःच्या तळहाताला हलकेच टेकवून दाखवली. काही झालं नाही. मग तीच करवत प्लॅस्टरमध्ये शिरली आणि पाच मिनिटांत पाय मोकळा.

हे कसं होतं? ते पातं गोल फिरतच नाही. एक-दोन अंश डावीकडे, एक-दोन अंश उजवीकडे, असं मिनिटाला हजारो वेळा थरथरतं. कातडी मऊ असल्याने ती पात्याबरोबरच हलते, म्हणून कापली जात नाही. प्लॅस्टर कडक. त्याला हलता येत नाही, म्हणून ते कापलं जातं. (पातं तापलं तर चटका मात्र बसतो, आणि नुसतं टेकवण्याऐवजी कातडीवरून ओढलं तर इजाही होते. तेव्हा घरी प्रयोग नकोत.)

ही युक्ती होमर स्ट्रायकर नावाच्या अमेरिकन हाडांच्या डॉक्टरांची. मिशिगनमधल्या कॅलमाझू गावचे. रुग्णांची प्लॅस्टरं कापताना होणारे हाल पाहून त्यांनी हे यंत्र तयार केलं. १९४७ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. आज स्ट्रायकर ही वैद्यकीय उपकरणांची मोठी कंपनी आहे.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. वॉकर घेऊन आत्या माजघरापर्यंत येणार आणि उंबरठ्याशी थांबणार. देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी, सगळं त्या उंबरठ्यापलीकडे. उंबरठा चांगला पाच इंच उंच. उतरण करावी तर पुढे जागा नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "चौकटच काढून टाकू, नवीन बसवू." आत्या काही बोलली नाही. दोन दिवस नीट जेवलीही नाही.

त्या चौकटीबद्दल थोडं सांगायला हवं. वरच्या पट्टीवर शके १८७१ कोरलंय, म्हणजे १९४९. अस्सल साग. आजोबांनी जंगलाच्या लिलावातला साग घेऊन बैलगाडीने आणला, असं घरात सांगतात. आमच्याकडे सागाचं जंगल दाराशी असलं तरी साग आपला कधीच नव्हता. १८७८चा जंगल कायदा आला, जंगलं राखीव झाली, आणि लोकांच्या राबासाठी लागणाऱ्या पाल्यापासून घराच्या लाकडापर्यंत सगळ्यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. आजही, १९६४च्या कायद्याप्रमाणे, स्वतःच्या बांधावरचा साग तोडायला परवानगी लागते. अशा मुलखात कुणब्याच्या घराला सागाची चौकट लागणं ही साधी गोष्ट नव्हती.

आणि ती केली सगळी हाताने. वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट. विजेचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं टाटांचं वीजकेंद्र १९२२ पासून चालू होतं, पण ती वीज डोक्यावरच्या तारांतून मुंबईला जायची. १९४२च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने हेच विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले. तो सिद्धगड आमच्याच तालुक्यातला. आमच्या घरात दिवा लागला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. असो.

तर चौकट ठेवायची आणि उंबरठा तेवढा जमिनीलगत कापायचा असं ठरलं. किन्हवलीहून सुतारमामांना बोलावलं. त्यांनी उकिडवं बसून बोटांनी चाचपलं. "मधला भाग मी करवतीने आणि पटाशीने काढीन. पण दोन्ही कोपऱ्यात, उभ्या लाकडाला लागून, आणि खाली कोब्याला लागून करवत जायची नाही. पटाशी ठोकली तर उभं लाकूड पिचेल. ग्राइंडर लावला तर गोल पातं कोपऱ्यात पोचत नाही, आणि नक्षी जाईल ती वेगळीच."

आणि मला एकदम डॉक्टरांची करवत आठवली.

शोधल्यावर कळलं, की लाकडासाठी अगदी तसंच यंत्र मिळतं. ऑसिलेटिंग मल्टी-टूल. त्याचा इतिहास वाचताना मजा आली. जर्मनीतली फाइन ही कंपनी १८६७ सालची. विजेवर चालणारं हातातलं ड्रिल पहिल्यांदा यांनीच केलं, १८९५ साली. १९६७ मध्ये यांनीही प्लॅस्टर कापायची थरथरती करवत बाजारात आणली. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं, की ज्या पात्याने कातडी न दुखावता प्लॅस्टर कापता येतं, त्याने बाजूचं काही न बिघडवता इतरही पुष्कळ कापता येईल. मग गाड्यांच्या चिकटवलेल्या काचा काढायला ते वापरलं गेलं, आणि १९८०च्या दशकात सुतारकामासाठी मल्टीमास्टर आलं. म्हणजे आत्याच्या पायाचं प्लॅस्टर आणि आत्याचा उंबरठा, दोन्हींना एकाच घराण्यातलं औजार!

आता मुद्द्यावर येतो. स्वस्त की महाग?

पेटंट असेपर्यंत हा प्रश्नच नव्हता. फाइनचं यंत्र होतं, आणि ते महाग होतं. २००८-०९च्या सुमारास मूळ पेटंटची मुदत संपली आणि एका वर्षात चित्र पालटलं. ड्रेमेल, रॉकवेल, बॉश, सगळ्यांची यंत्रं आली. मागोमाग नावं न ऐकलेल्या कंपन्यांची. मला दोन-तीन हजारांपासून यंत्रं दिसली. नावाजलेल्या कंपनीचं दहा-बारा हजारांना, आणि मूळ जर्मन त्याच्याही पुष्कळ वर. म्हणजे स्वस्तातलं यंत्र ही काही नक्कल किंवा फसवणूक नव्हे. ज्या कल्पनेची मालकी संपली, ती सगळ्यांची झाली. सागाच्या बाबतीत आमच्याकडे असं कधी झालं नाही, हे मनात येऊन गेलं.

मी सगळ्यात स्वस्तातलं घेतलं. (नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही.) आधी जुन्या फळीच्या तुकड्यावर सराव केला. दोन मिनिटांत धूर! लाकूड काळं पडलं, कापलं मात्र बोटभरही गेलं नाही. धाकटा भाऊ विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होता. मीही मनातल्या मनात पैसे बुडाले म्हणून मोकळा झालो.

मामांनी यंत्राकडे बघितलंच नाही. पातं काढून नखाने दात पाहिले. "हे गेलं. साग आहे तो. सागात वाळू असते."

हे अक्षरशः खरं आहे. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती भल्या भल्या धारेला बोथट करते. त्यात आमच्या उंबरठ्यात जुने खिळे. यंत्रासोबत फुकट आलेलं साधं पातं तिथे टिकणारच नव्हतं. कल्याणहून बाय-मेटलची चांगल्या कंपनीची तीन पाती आणली. लवचीक पोलादाच्या पट्टीवर कठीण पोलादाचे दात जोडलेले असतात, ते अधूनमधून खिळाही कापतात. (कडक खिळे फार असतील तर कार्बाइडचं पातं घ्यावं.) तीन पात्यांना यंत्राच्या निम्म्याहून जास्त पैसे पडले. पण तेच यंत्र, तीच फळी, आणि पातं लोण्यात शिरावं तसं गेलं.

पाती घेताना एक बघावं, ते यंत्रावर बसायला हवं. बॉश आणि फाइन यांनी मिळून २०१६ मध्ये स्टारलॉक नावाची नवी बैठक काढली. त्यात पातं टिचकीसरशी बसतं, पण ती पाती जुन्या आणि स्वस्त यंत्रांना सहसा चालत नाहीत. आमच्याकडे साधा स्क्रू आणि एलन की. दर वेळी खोला, बसवा, आवळा.

कापायच्या दिवशी आत्या पहाटे उठली. उंबरठा धुतला, हळदकुंकू वाहिलं, रांगोळी काढली. मामा बाजूला थांबून राहिले. मग तीच म्हणाली, "याच्यावरून माप ओलांडून तुझी आई आत आली. याच्यावरूनच मी बाहेर गेले. आणि यानेच मला पाडलं. कापा आता."

मधला भाग मामांनी हातकरवतीने चिरा पाडून पटाशीने काढला. कोपरे आणि तळ मी यंत्राने केले. म्हणजे कामाचा फार तर चौथा हिस्सा यंत्राचा. पण तो चौथा हिस्सा असा होता, की दुसऱ्या कशाने केला असता तर चौकट दुखावली असती.

आणि तिथे स्वस्त-महागातला खरा फरक हाताला कळला. दहा मिनिटं चालवलं की यंत्र एवढं तापे की ठेवून द्यावं लागे. दुपारी गावात व्होल्टेज पडलं की त्याचा जीव जाई. महागड्या यंत्रात भार आला तरी वेग टिकवून धरायची सोय असते, इथे ती नव्हती. पातं दोनदा सैल झालं. सगळ्यात वाईट म्हणजे थरथर. निम्मी थरथर पात्यात आणि निम्मी माझ्या मनगटात. संध्याकाळी चहाचा कप धरताना बोटांना मुंग्या येत होत्या. वर्षानुवर्षं अशी यंत्रं चालवणाऱ्यांच्या बोटांच्या शिरा आणि नसा कायमच्या बिघडतात, बोटं पांढरी पडतात, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. महागड्या यंत्रात जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः ही थरथर हातापर्यंत पोचू न देण्यासाठी.

मी मामांना विचारलं, "मामा, हे यंत्र तुम्हाला हवं का? माझं काम तर झालं."

त्यांनी हातात घेऊन चालू केलं, बंद केलं, परत दिलं. "तुम्हाला एका उंबरठ्याला बरं आहे. मला रोज धरायचं आहे. घेईन तेव्हा चांगलंच घेईन. हात दुसरे मिळत नाहीत."

माझ्या सगळ्या वाचनाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं. वर्षातून दोन-चार दिवस काम असेल तर स्वस्त यंत्र घ्या आणि वाचलेले पैसे पात्यांवर घाला. रोजचं पोट त्यावर असेल तर यंत्रावर खर्च करा. तो खर्च यंत्रावर नसून हातांवर आहे. चुकीचा रस्ता एकच: महाग यंत्र आणि स्वस्त पाती.

उंबरठा पूर्ण गेला नाही. अर्ध्या इंचाची पट्टी जमिनीत तशीच ठेवली आहे. वॉकर तिच्यावरून अलगद जातो. आत्या रोज सकाळी वाकून तिच्यावर दोन बोटं हळदकुंकू लावते. मी म्हटलं, "अगं आत्या, आता कुठे राहिलाय उंबरठा?"

"आहे की," ती म्हणाली. "बसलाय जरा. माझ्यासारखाच."