घर उभं राहिल्यावर परांचीचं काय?

बिडकीनला आमच्या गच्चीवरून औद्योगिक वसाहतीतली बांधकामं दिसतात. काम संपलं की परांची उतरवतात. इस्रायलचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनी झायोनिस्ट चळवळीला हीच उपमा दिली होती.

ज्यूंना स्वतःचा देश हवा, म्हणून १८९७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात या चळवळीची संघटना उभी राहिली. १४ मे १९४८ला इस्रायल जाहीर झाला. मग संघटना कशाला? बेन-गुरियन म्हणत, खऱ्या झायोनिस्टाने आता इथे राहायला यावं. अमेरिकेतल्या नेत्यांना ते पटलं नाही. शेवटी १९५२च्या कायद्याने कामाची वाटणी झाली. राज्यकारभार सरकारकडे राहिला आणि जगभरच्या ज्यूंना आणून वसवण्याचं काम झायोनिस्ट संघटना आणि ज्यूइश एजन्सीकडे आलं.

हे वसवणं कसं असतं, ते आपल्या मराठी माणसांनी सोसलं. कोकणातले बेने इस्रायल म्हणजे पेणकर, रोहेकर, किहीमकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’. भारतात त्यांना ज्यू म्हणून कधी छळ सोसावा लागला नव्हता. तिकडे गेल्यावर मात्र काम आणि घर देताना दुजाभाव होतो, अशी तक्रार करत काहींनी एजन्सीच्या दारात धरणं धरलं. ‘आम्हाला परत पाठवा’ ही त्यांची मागणी होती. १९५२ साली काही कुटुंबं खरोखरच भारतात परत आली.

जे राहिले, त्यांची परीक्षा संपली नव्हती. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्रायलांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासावी. १९६४ साली मोठं आंदोलन झालं. संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं सांगितलं, तेव्हा फर्मानातून त्यांचं नाव निघालं.

मला वाटतं, बेन-गुरियन यांची उपमा इथेच कमी पडते. परांची कधी उतरवायची, हे घर बांधणाऱ्यांनी ठरवलं. आत जागा मिळाली का, हे दारात बसलेल्यांना कोणी विचारलं नाही.

आमच्या मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असतो. लहानपणी मला वाटायचं, निजामाची राजवट गेली आणि लढाई संपली. आता झेंडावंदनाला उभा राहिलो, की मी आधी मैदानाच्या कडेला कोण उभं आहे ते पाहतो.