वाइनच्या स्पर्धेत बाटली कशी तपासतात? जांभूळ-करवंदवाल्यांनी जरूर वाचा

कोन (ता. पनवेल) : मे महिना सरत आला की जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात. संध्याकाळपर्यंत विकलं तर विकलं, नाहीतर जांभूळ दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं. याच फळांची वाइन होते. आणि स्पर्धा अशी जागा आहे, जिथं लहान उत्पादकाची बाटली मोठ्या कंपनीच्या बाटलीशेजारी ठेवली जाते. तिथवर आपल्या भागातलं फळ कसं जाऊ शकतं, त्याची ही माहिती.

लेबल झाकलेलं

चांगल्या स्पर्धेत बाटल्या कापडात किंवा कागदी पिशवीत झाकतात. वर फक्त नंबर. परीक्षकाला कंपनी कळत नाही, किंमतही कळत नाही. याचा उपयोग किती, ते 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये दिसलं. चव घेणारे फ्रेंच जाणकार, समोर फ्रान्सच्या नामांकित वाइन, आणि तरी पांढऱ्या व लाल दोन्ही गटांत पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या बाटलीनं नेला. लेबल उघडं असतं तर असं झालं असतं का, शंकाच आहे.

गुण बहुतेक ठिकाणी 100 पैकी देतात. रंग आणि स्वच्छपणा, वास, चव आणि शेवटी एकूण मत. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेचा (ओआयव्ही) नियम असा, की आलेल्या बाटल्यांपैकी 30 टक्क्यांहून जास्त बाटल्यांना पदक द्यायचं नाही. त्यामुळे फी घेऊन सगळ्यांनाच पदक वाटणारी स्पर्धा दिसली तर पैसे घालवू नका. याच संघटनेच्या व्याख्येत वाइन म्हणजे फक्त द्राक्षाची. म्हणून आपली फळांची वाइन कुठल्या गटात घेतात, हे प्रवेश भरण्याआधी विचारून घ्यावं.

लोकांसाठी चव घेण्याचा कार्यक्रम वेगळा. नाशिकचा सुलाफेस्ट 2008 पासून ओळखीचा आहे. अशा ठिकाणी ग्लासात घोट-दोन घोटच देतात, आधी हलकी आणि कोरडी, शेवटी गोड. मध्ये पाणी. तोंडात घोळवून थुंकून टाकलं तरी चालतं, परीक्षक तेच करतात. उत्पादकानं इथं बोलण्यापेक्षा बघावं, लोक दुसऱ्यांदा कुठल्या बाटलीकडे वळतात ते. आणि गाडी चालवायची असेल तर चव घेऊच नका. वाइनमध्ये साधारण 12 टक्के अल्कोहोल असतं, ती दारूच आहे. ज्या गावात बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलंय, तिथं असा कार्यक्रम घ्यायचा म्हटलं तर प्रश्न विचारले जाणारच, आणि ते रास्त आहेत.

फळ आपलं, पदक कुणाचं?

घरी बरणीत वाइन करून स्पर्धेला पाठवता येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, मग ती हातभट्टी असो की जांभळाची वाइन. राज्याचं 2001 चं वाइन धोरण द्राक्षासाठी आलं. नाशिकमध्ये विंचूर आणि सांगलीत पलूस इथं वाइन पार्क त्यातूनच झाले. कोकणपट्टीतलं उदाहरण पालघरच्या बोर्डीचं. तिथं हिल झिल वाइन्सनं चिकूची वाइन ‘फ्रुझांते’ नावानं बाजारात आणली, पुढे आंबा, अननसाचीही.

जांभळाचं काम सोपं नाही. एक लिटर रसात साधारण 17 ग्रॅम साखर असली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे 12 टक्क्यांसाठी लिटरमागे 200 ग्रॅमच्या वर साखर हवी. जांभळात एवढी नसते, वरून घालावी लागते. फळ उशिरा पोचलं, फुटलं, की आंबट सिरक्याचा वास धरतो आणि परीक्षक पहिल्याच वासात गुण कापतो.

म्हणून बचत गटाला जमण्यासारखं काम वायनरीच्या आधीचं आहे. झाडाखाली जाळी धरून स्वच्छ फळ उतरवणं, त्याच दिवशी बी काढून गर गोठवणं, आणि तो परवानाधारक वायनरीला विकणं. गरासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. खरी अडचण पुढे येते. पदक मिळतं वायनरीच्या नावावर, फळ देणाऱ्या बाईचं नाव कुठंच नसतं. तेव्हा किलोचा भाव, पैसे किती दिवसांत, खराब मालाचं काय, आणि लेबलवर गावाचं नाव येणार का, हे हंगामाआधी कागदावर घ्या. तोंडी बोलणी जून उजाडला की विसरली जातात.

परवान्याबद्दल विचारायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं जिल्हा कार्यालय अलिबागला आहे.