फ्रेंच, जर्मन आणि भूगोल : मुंबईच्या महाविद्यालयांतील एक दुरावा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्यानंतर धोबीतलाव-गिरगावपासून दादर-माटुंग्यापर्यंत जी महाविद्यालये उभी राहिली, त्यांच्या अभ्यासक्रमांत फ्रेंच, जर्मन व भूगोल या विषयांना कालांतराने स्थान मिळाले. परंतु या तिघांची एकमेकांशी गाठ पडली, असे मात्र म्हणता येत नाही. ज्या शास्त्राची आधुनिक घडण मुख्यतः फ्रेंच व जर्मन भाषांत झाली, तो भूगोल आपल्याकडे बहुतांशी इंग्रजी ग्रंथांवरून शिकविला गेला. हा दुरावा कसा निर्माण झाला व त्याची किंमत काय पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शिक्षकांची उणीव हे याचे कारण नव्हे. बुडापेस्ट येथे शिकलेले एडवर्ड रेहॅट्सेक १८४७ साली मुंबईस आले व येथेच १८९१ साली निवर्तले. विल्सन महाविद्यालयात ते लॅटिन व गणित शिकवीत. विद्यापीठाचे अरबी, फारशी, लॅटिन व फ्रेंच या भाषांचे परीक्षक म्हणून त्यांनी बारा वर्षे काम केले. १८६३ साली गेओर्ग ब्यूलर एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले. १८६९ साली जर्मन जेझुइटांनी सेंट झेवियर्स महाविद्यालय स्थापिले. १९१४ च्या महायुद्धानंतर तेथील जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्धता व हद्दपारी सोसावी लागली, आणि ती परंपरा खंडित झाली. तथापि लक्षात घ्यावयाचे ते हे की, ब्यूलरांसारखे जर्मन पंडित येथे आले ते संस्कृतासाठी. त्यामुळे जर्मन ही प्राच्यविद्येच्या अभ्यासकाची भाषा ठरली, भूगोलाच्या विद्यार्थ्याची नव्हे.

फ्रेंचची वाट निराळी होती. संस्कृत, फारशी, लॅटिन यांच्या पंक्तीत ती 'दुसरी भाषा' म्हणून बसली, आणि दुसऱ्या भाषेची निवड नेहमीच ज्ञानाच्या गरजेने होत नसे. कोणास कोणती भाषा शिकता येईल, हे जातही ठरवीत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारण्यात आले आणि फारशी घ्यावी लागली, हे सर्वश्रुत आहे. परळच्या चाळीत वाढलेल्या या विद्यार्थ्याने फ्रेंच व जर्मन यांचे प्राथमिक पाठ घेतले ते मुंबईत नव्हे, तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. आणि १९२१ साली बॉन विद्यापीठातील प्रवेशासाठी त्यांनी जर्मन भाषेतून पत्र लिहिले. त्यांच्या दृष्टीने ही भाषा गुणांसाठी नव्हती, संशोधनाचे साधन होती.

भूगोल शाळेत होता. पदवीच्या पातळीवर त्यास स्वतंत्र स्थान मिळावयास विसावे शतक उजाडावे लागले. वस्तुतः कार्ल रिटरच्या विशाल ग्रंथातील हिंदुस्थानविषयक खंड १८३५-३६ सालीच जर्मनमध्ये प्रसिद्ध झाले होते. १९१९ साली विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला आणि पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. 'स्थळ, काम, लोक' हे त्यांचे सूत्र फ्रेंच विचारवंत ल प्ले याच्या विचारातून आले होते. म्हणजे फ्रेंच विचार येथे पोहोचला, परंतु इंग्रजी वेषात आणि भूगोलाच्या नव्हे, समाजशास्त्राच्या वर्गात.

याची किंमत काय, हे दोन उदाहरणांवरून दिसेल. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. पुढील वर्षी रॉबर्ट कॉख जर्मन आयोगासह येथे आले; पाश्चर संस्थेच्या वतीने पॉल-लुई सिमाँ हेही आले. उंदरांवरील पिसवांमार्फत रोग पसरतो, हे सिमाँ यांनी १८९८ साली कराचीतील प्रयोगाने दाखविले व फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केले. तो निष्कर्ष तेव्हा मान्य झाला नाही. त्याचे कारण केवळ भाषा होते, असे कोणी म्हणणार नाही. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या कामाने त्यास पुष्टी मिळाली. परंतु मुंबईतील प्लेगचा भूगोल ज्यास लिहावयाचा आहे, त्यास हे मूळ लेखन वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरे उदाहरण सिद्धांताचे आहे. शहरालगत भाजीपाला व दूध यांचे उत्पादन का होते, याची उपपत्ती फॉन थ्यूनेनने १८२६ साली मांडली. बाजारपेठांच्या श्रेणींची उपपत्ती क्रिस्टालरने १९३३ साली. या दोन्ही ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे १९६६ साली प्रसिद्ध झाली. वसईची भाजी व फुले दादरच्या बाजारात का येतात, असा प्रश्न पडलेल्या तोपर्यंतच्या विद्यार्थ्यास हे विचार दुसऱ्याच्या सारांशावरूनच जाणून घ्यावे लागत होते.

आज भाषांतरे विपुल आहेत, यंत्रानेही ती होतात. मग या भाषांचा खटाटोप कशास, असा आक्षेप येईल. परंतु जर्मनमधील 'लांडशाफ्ट' या एकाच शब्दात भूदृश्य व प्रदेश हे दोन्ही अर्थ आहेत, आणि भाषांतरकारास त्यांतील एक निवडावा लागतो. निवड झाल्यावर वाचकास वादाचे मूळ दिसेनासे होते. म्हणून पदव्युत्तर भूगोलाच्या विद्यार्थ्यास संभाषणापुरते नव्हे, तर कोशाच्या साहाय्याने शास्त्रीय लेख वाचण्याइतके फ्रेंच किंवा जर्मन शिकविणारा एक वर्षाचा अभ्यास असावा, असे सुचवावेसे वाटते. भाषेचा विभाग व भूगोलाचा विभाग यांनी तो एकत्र चालविला, तर एकाच वेळापत्रकात राहूनही परके राहिलेले हे विषय प्रथमच एका वर्गात येतील.