बक्षिसावर सारा : चांदवडच्या इनामापासून बँकेच्या पॉइंटांपर्यंत



चांदवडच्या बाजार समितीतून कांदा विकून परतणाऱ्या एका वयस्क शेतकऱ्याची आणि माझी परवा एस. टी. च्या थांब्यावर गाठ पडली. ओळखीचेच गृहस्थ. खिशातला मोबाइल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “सर, बँकेने माझ्या नावावर सहा हजार पॉइंट जमा केलेत म्हणे. हे पैसे आहेत का? आणि पैसे असतील तर सरकार त्यावर कर घेणार का?”

मी इतिहास शिकवतो; करसल्लागार नाही. “काका, चौकशी करून सांगतो,” एवढेच त्या वेळी म्हणालो. घरी येताना मात्र मनात आले की हा प्रश्न चांदवडला नवा नाही. मिळालेल्या बक्षिसावर सरकारचा वाटा किती, हा प्रश्न या गावाने बँका येण्याच्या कितीतरी आधी पाहिला आहे. तेव्हा उत्तर तिथूनच शोधू या.

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव आपल्याला माहीत आहे ते रेणुकामातेच्या देवळामुळे आणि होळकरांच्या रंगमहालामुळे. अठराव्या शतकात चांदवड होळकरांच्या सत्तेचे एक मोठे ठाणे होते. त्यांची टांकसाळही येथे होती आणि इथला चांदवडी रुपया व्यवहारात चाले.

त्या काळी राज्यकर्ता खूश झाला, की रोख रकमेपेक्षा जमीन देई. तिला म्हणत इनाम. देवळाच्या दिवाबत्तीसाठी देवस्थान इनाम, गावच्या सेवेसाठी वतनी जमीन, विद्वानाला किंवा पराक्रमी माणसाला व्यक्तिगत इनाम, असे त्याचे प्रकार होते. इनाम म्हणजे फुकटची, साऱ्यातून कायमची सुटलेली जमीन, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नाही. काही इनामे साऱ्यातून संपूर्ण माफ असत. पण पुष्कळ इनामांवर थोडा सारा द्यावाच लागे; त्याला जुडी म्हणत. पेशवाईच्या कागदांत ‘इनाम तिजाई’ हा शब्द येतो. तिजाई म्हणजे तिसरा हिस्सा. इनामी जमिनीच्या सरकारी उत्पन्नाचा तिसरा भाग सरकार या नावाने परत घेई. एका हाताने दिलेल्या बक्षिसातले थोडे दुसऱ्या हाताने काढून घेण्याची युक्ती ही अशी जुनी आहे!

मग कोणाला माफी आणि कोणावर जुडी, हे ठरे कशावरून? ठरे ते सनदेवरून. इनाम कोणी दिले, कशाबद्दल दिले आणि किती पिढ्यांसाठी दिले, हे सनदेत लिहिलेले असे. यातला ‘कशाबद्दल’ हा शब्द ध्यानात ठेवा. आपल्या काकांच्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे.

दुसरी अडचण किमतीची. रुपये नाना टांकसाळींचे, नाना वजनांचे. सरकारात भरणा करताना अमुक शिक्क्याचा रुपया अमुक बट्ट्याने घ्यायचा, असे ठरलेले असे. हातात शंभर नाणी असली, तरी हिशेबी ती शंभर भरतीलच असे नाही. सराफ पारख करी, बट्टा कापी, मग खरी किंमत ठरे. आजचा पॉइंटही असाच आहे. एका बँकेत शंभर पॉइंटांना एक भाव, दुसरीत दुसरा. आणि मुदत टळली की सगळेच शून्य.

आता पुढे चला. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांकडे गेला. नव्या सरकारच्या डोळ्यांत माफीच्या जमिनी खुपू लागल्या. इतक्या जमिनी सारा देत नाहीत, मग खजिना भरायचा कसा? १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले. घरोघरच्या पेट्या उघडल्या, सनदा मागितल्या गेल्या. ज्याची सनद जागेवर होती, तो तरला. ज्याच्या आजोबांचा कागद वाळवीने खाल्ला होता किंवा ज्याच्या पूर्वजांना केवळ तोंडी शब्द मिळाला होता, त्याचा दावा लंगडा पडला. पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन एका कागदावाचून साऱ्याला पात्र ठरली. दख्खनच्या आणि दक्षिण मराठा मुलखाच्या इनामदारांत केवढा असंतोष पसरला असेल, याची कल्पना शिक्षकांनी वर्गात मुलांना जरूर करून द्यावी.

पुढे सरकारलाही या तपासाचा कंटाळा आला. १८६३ साली तडजोडीचा कायदा झाला. चौकशी नको असेल त्या इनामदाराने आकाराच्या चौथाईइतकी रक्कम दर वर्षी भरावी, शिवाय रुपयामागे एक आणा नजराणा द्यावा, की जमीन त्याच्याकडे कायम. म्हणजे शंभर रुपये आकाराच्या जमिनीवर सव्वाएकतीस रुपये झाले. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या मुंबई कायद्याने व्यक्तिगत इनामेच रद्द केली; देवस्थान इनामांना त्यातून वगळले. इनामाचा हा प्रवास तिथे बव्हंशी संपला.

मधल्या काळात दुसरा कर आला होता. १८५७ च्या उठावाच्या खर्चाने सरकार कर्जात बुडाले, तेव्हा जेम्स विल्सन या अर्थमंत्र्याने १८६० साली हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० रुपयांच्या आत मिळकत असणाऱ्याला तो नव्हता. पाच वर्षांनी तो बंद पडला. १८८६ च्या कायद्याने तो पुन्हा बसवला, तेव्हा शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले. केंद्राचा प्राप्तिकर शेतीच्या उत्पन्नावर नाही, तो पायंडा त्या वेळचा. पण शेतकऱ्याने तेच पैसे बँकेत ठेवले आणि त्यावर व्याज आले, तर ते व्याज शेतीचे उत्पन्न राहत नाही. इथे पुष्कळांची फसगत होते.

आता बँकेच्या बक्षिसाकडे येऊ. याची मजेदार गोष्ट अमेरिकेत घडली. तिथे १९३३ च्या बँकिंग कायद्यानंतर सरकारने ठेवींच्या व्याजावर मर्यादा घातली. जास्त व्याज देता येईना, तेव्हा बँका नव्या खातेदाराला पाव भाजायचे यंत्र, ब्लँकेट असल्या वस्तू देऊ लागल्या. नाव भेटीचे, काम व्याजाचे! १९८० नंतर ती बंधने उठली, पण भेटी देण्याची चाल राहिली आणि भेटींच्या जागी पॉइंट आले.

अशाच एका प्रकरणाचा निकाल अमेरिकेच्या कर-न्यायालयाने २०१४ साली दिला. सिटीबँकेने खात्याबद्दल ५०,००० पॉइंट दिले होते आणि त्यांतून विमानाचे तिकीट काढले गेले होते. तिकिटाची किंमत ६६८ डॉलर धरली गेली. न्यायालयाने विचारले ते हेच : हे कशाबद्दल मिळाले? बँकेत पैसे ठेवल्याबद्दल. ठेवीबद्दल जे मिळते ते व्याजाच्या जातीचे. म्हणून ते करपात्र. याउलट, त्याच देशाच्या करखात्याने २००२ साली जाहीर केले होते, की कामाच्या प्रवासात जमलेले विमान कंपन्यांचे मैल कोणी खासगी कामाला वापरले, तर त्यावर कराचा आग्रह धरणार नाही. त्यांची किंमत ठरवणे आणि हिशेब ठेवणे फार अवघड, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. बट्ट्याचीच अडचण पुन्हा पुढे आली म्हणा ना!

आपल्याकडे काय? आपल्या कायद्यात पॉइंटांसाठी म्हणून वेगळे कलम नाही. तेव्हा सनदेप्रमाणेच ‘कशाबद्दल’ हे विचारावे लागते. कार्डाने खत, कपडे, किराणा घेतला आणि त्यावर पॉइंट मिळाले, तर ती खरेदीवरची सूट. दुकानदाराने शंभराचा माल अठ्ठ्याण्णवला दिला, तर दोन रुपये ही आपली कमाई होत नाही. आपला खर्च कमी झाला एवढेच. घरखर्चावरचे पॉइंट या सदरात बसतात.

ठेव ठेवल्याबद्दल काही मिळाले, तर मात्र ते व्याजाच्या जवळ जाते, आणि व्याज उत्पन्नात धरावेच लागते. ठेवीसाठी सोडती, फुकट सहली असली आमिषे दाखवू नयेत, २५० रुपयांपर्यंतची किरकोळ भेट चालेल, असे रिझर्व्ह बँकेने २०१६ च्या निर्देशांत बँकांना बजावले होते. म्हणून आपल्याकडे ठेवीच्या बक्षिसाचा प्रश्न अमेरिकेएवढा वाढला नाही.

तिसरा प्रकार धंद्याचा. खताच्या किंवा बियाण्याच्या विक्रेत्याला कंपनीने माल खपवल्याबद्दल सहल, मोटारसायकल, सोन्याचे नाणे दिले, तर ते धंद्याचे उत्पन्न ठरते. वस्तूच्या रूपातला असा लाभ १९६४ पासून कायद्यात आहे. १ जुलै २०२२ पासून तर वर्षात २०,००० रुपयांहून अधिक लाभ दिल्यास देणाऱ्याने दहा टक्के करकपात करावी, असा नियम झाला. साधी विक्रीची सूट त्यातून वगळली आहे. आपल्या तालुक्यात शेतीबरोबर कृषिसेवा केंद्र चालवणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा भेटले. मी त्यांना हिशेब करून दाखवला. “समजा, एका पॉइंटाला पंचवीस पैसे धरले, तर सहा हजारांचे दीड हजार रुपये झाले. तुम्ही ते कार्डाने ठिबकच्या नळ्या आणि घरचा किराणा घेतल्यावर मिळवले. ही सूट आहे, काका. तिची धास्ती नको. पण तुमच्या मुदत ठेवीवर व्याज किती आले, ते मात्र पासबुकात पाहून ठेवा.”

काका हसले. म्हणाले, “सर, पॉइंटांचा हिशेब करत बसलो आणि व्याजाचे पानच कधी उघडले नाही.”

त्यांच्या या बोलण्यात खरी गोष्ट आली. व्याजातून बँकेने कर कापला आणि आपले एकूण उत्पन्न करपात्रच नसेल, तर विवरणपत्र भरल्यावाचून तो पैसा परत येत नाही. वर्षाच्या आरंभीच ठरावीक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र बँकेत दिले, तर पात्र माणसाचा कर कापलाच जात नाही. ज्येष्ठ नागरिकांना २०१८-१९ पासून जुन्या करपद्धतीत ठेवींच्या व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळाली. नव्या पद्धतीत ती नाही. कोणती पद्धत आपल्याला सोयीची, हे जाणत्याकडून समजून घ्यावे. आणि “तुमचे पॉइंट आज संपणार, ही कळ दाबा” असा संदेश आला, तर कळ दाबू नये. थेट शाखेत जाऊन विचारावे. अशा संदेशांनी पुष्कळांची खाती रिकामी झाली आहेत.

इनाम कमिशनच्या दिवसांत ज्यांनी कागद जपला, त्यांची जमीन वाचली. आपली सनद म्हणजे आपले पासबुक, ठेवीची पावती आणि व्याजाचा दाखला. शिक्षक बंधुभगिनींनो, एखाद्या तासाला मुलांना घरचे पासबुक आणायला सांगा आणि त्यातली व्याजाची ओळ त्यांच्याकडूनच शोधून घ्या. इतिहासाचा आणि गणिताचा, दोन्ही धडे एकदम होतील.