भूर्जाच्या लाकडातली साखर

लाकडातून साखर? फिनलंडमध्ये हे खरोखर घडलं.

1891 च्या सुमारास जर्मनीत एमिल फिशर यांनी बीच वृक्षाच्या लाकडापासून एक गोड पदार्थ मिळवला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये बर्ट्रांडही तिथेच पोहोचले होते. लाकडाच्या ग्रीक नावावरून त्याला झायलिटॉल म्हणू लागले. पुढची कित्येक वर्षं मात्र तो प्रयोगशाळेतच पडून राहिला.

दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली आणि फिनलंडचं लक्ष जंगलाकडे गेलं. तिथे भूर्जवृक्ष अमाप. हिमालयातल्या ज्या भूर्जाच्या सालीवर काश्मिरी पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याचाच हा भाऊबंद. त्याच्या लाकडावर आम्लाची प्रक्रिया केली की झायलोज सुटतो. त्याला हायड्रोजनची जोड दिली की झायलिटॉल तयार. गोडी साखरेइतकीच, पण ग्रॅममागे कॅलरी चारऐवजी 2.4.

खरी कलाटणी मिळाली ती तुर्कू शहरात. तिथल्या विद्यापीठात शायनिन आणि मॅकिनेन यांनी 1970 च्या दशकात 125 जणांना दोन वर्षं तीन गटांत वेगवेगळी गोडी खायला दिली: साखर, फ्रुक्टोज आणि झायलिटॉल. झायलिटॉलच्या गटात दात किडण्याचं प्रमाण विलक्षण घटलं, कारण दात किडवणाऱ्या मुख्य जिवाणूला ही गोडी पचवताच येत नाही. इतका चिकाटीचा आहारप्रयोग दंतशास्त्रात विरळाच! 1975 मध्ये निष्कर्ष छापले गेले आणि त्याच वर्षी ‘येंक्की’ हे झायलिटॉलचं च्युइंगम बाजारात आलं.

आज फिनलंडच्या पाळणाघरांत जेवणानंतर मुलांच्या हातावर झायलिटॉलची गोळी ठेवतात. घरात कुत्रा असेल तर मात्र डबा उंचावर हवा. त्याच्यासाठी हे विष आहे.